गोळी वर्षातून दोनदा, तरी जंत का परततात?

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी अशा सगळ्या पाड्यांवरच्या मुली वसतिगृहात राहतात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी मी स्वतः समोर बसवून देते. तरी पावसाळा सरता सरता पोटदुखी सुरू होते. मागच्या महिन्यात एका मुलीच्या उलटीतून वीतभर जंत पडला. आईबाप म्हणाले, गोळ्या नकली असणार. काही मुलींचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, आठ-नऊच्या वर जात नाही. लहान मुली रात्री खाजवत उठतात. मागच्या ऑगस्टमध्ये गोळीनंतर तिघींना उलट्या झाल्या, पाड्यावर बोंब झाली आणि आता काही पालक गोळीच नको म्हणतात. दर महिन्याला गोळी दिली तर चालेल का? घरच्यांना काय सांगावं?

उत्तर : ताई, नमस्कार.

मुलीच्या उलटीतून जंत पडला यावरून गोळी नकली ठरत नाही. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी त्या दिवशी आतड्यात असलेल्या जंतांवर काम करते आणि एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जाते. उद्या आत येणाऱ्या जंताला ती अडवत नाही. एवढंच नाही, तर त्या दिवशी रक्तातून किंवा फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्याही तिच्या एका डोसातून बहुतेक सुटतात. तुमच्याकडे ऑगस्टचा डोस भर पावसात होतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच उरकलेली असते, जमीन ओली असते आणि मुलींच्या तळपायातून अळ्या आत शिरतच असतात. म्हणजे ऑगस्टला पोट रिकामं झालं तरी ऑक्टोबरपर्यंत ते पुन्हा भरायला लागतं. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर असंच दिसलं, की गोल जंताचं प्रमाण सहा महिन्यांत आधीच्या दोन तृतीयांशापर्यंत परत येतं.

दुसरं असं, की सगळे जंत या गोळीला सारखे दबत नाहीत. वीतभर, पांढरट-गुलाबी दिसतो तो गोल जंत. एका डोसात शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचे गोल जंत जातात. हुकवर्मच्या बाबतीत हा आकडा सत्तर-ऐंशीवर येतो आणि चाबूककृमीत जेमतेम तीसच्या आसपास राहतो. हुकवर्म जेमतेम सेंटिमीटरभर असतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. तो कधी शौचात दिसत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तोच आहे; गोल जंताला घाबरून सगळे धावतात, पण एचबी खाली ओढणारा बहुधा हा दुसरा असतो.

तो येतो कुठून? कुणी उघड्यावर शौचाला बसलं, की त्यातली अंडी सावलीतल्या ओल्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात. पाच ते दहा दिवसांत अळी कातडीतून शिरण्याजोगी होते आणि ओल टिकली तर तीन-चार आठवडे तिथेच वाट बघते. ऊन आणि कोरडेपणा तिला मारतात. म्हणून मे महिन्यातला माळ फारसा धोक्याचा नाही, पण जुलैमधली संडासामागची झुडपाखालची वाट धोक्याची आहे. अळी शिरली की बोटांच्या बेचक्यात, तळपायाला खाज सुटते, बारीक पुरळ येतं. आपल्याकडे त्याला सर्रास चिखल्या समजून तेल-हळद लावतात. चिखल्या असतातही, पण अनवाणी मुलीच्या पायाला पावसाळ्यात खाज आणि दिवाळीत एचबी कमी, अशी जोडी दिसली तर हुकवर्म मनात आणा. अळी शिरल्यापासून अंडी घालू लागेपर्यंत पाच आठवडे किंवा जास्त लागतात.

गोल जंताची अंडी कातडीतून शिरत नाहीत, तोंडाने जातात. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती मातीत दोन ते चार आठवड्यांत तयार होतात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. नखं, कच्चा मुळा, कोथिंबीर, जमिनीवर पडून उचललेलं बोर हे त्यांचे रस्ते. शिजवलेल्या रानभाजीतून ती येत नाहीत, तेव्हा टाकळा-कुर्डूवर आळ घेऊ नका. गूळ किंवा गोड खाल्ल्यानेही जंत होत नाहीत. हा समज शहरातही तितकाच घट्ट आहे.

आता दर महिन्याच्या गोळीबद्दल. देऊ नका. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला आणि १ ते १९ वर्षं वयासाठी वर्षाला दोन डोस ठरले. जागतिक आरोग्य संघटनाही जिथे निम्म्याहून जास्त मुलांना लागण आहे तिथेच दोनदा म्हणते, त्याखाली एकदा. महिन्याला गोळी देऊन माती साफ होत नाही, औषधाला न दबणारे जंत मात्र निवडून वाढू शकतात. आणि महिन्याच्या गोळीला आज ना उद्या मुली कंटाळतील, मग ऑगस्टचीही थुंकतील. एखाद्या मुलीला तक्रारी असतील तर तिची शौचाची तपासणी करून वैद्यकीय अधिकारी जादा डोस ठरवतील. तिचा प्रश्न सगळ्या वसतिगृहाला लावू नका.

तुमच्या त्या तिघींच्या उलट्यांकडे येऊ. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर ते मरताना मळमळ, पोटात मुरडा, एखादी उलटी, जुलाब, थकवा हे होऊ शकतं. काही तासांत थांबतं. ज्यांना जंत नसतात त्यांना सहसा काहीच होत नाही. पण उपाशीपोटी गोळी, एका खोलीत दीडशे मुली आणि एकीने उलटी केली की दुसरीला नुसत्या वासाने येणारी उलटी, यांनी निम्मी बोंब होते. तेव्हा गोळी दुपारच्या जेवणानंतर द्या, पंचवीस-तीसच्या गटात, आणि गटाला तासभर सावलीत बसवा. गोळी चघळून खायची, वर पाणी प्यायचं. अख्खी गिळली तर घशात अडकण्याची भीती असते. अंगणवाडीतल्या एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्याहून मोठ्यांना पूर्ण, आणि तीन वर्षांपर्यंत दोन चमच्यांत चुरून पाण्यात कालवून. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून गोळी भरवणं हा प्रकार कुठे दिसला तर तिथल्या तिथे थांबवा, त्यात जीव गेलेला परवडणार नाही.

ज्या मुलीला त्या दिवशी ताप आहे, जुलाब आहेत, किंवा दुसरं औषध सुरू आहे, तिला गोळी नको. नाव लिहून ठेवा आणि आठवड्याभराने येणाऱ्या मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्यांना गोळी द्यायच्या, दिवशी द्या. नोंदवहीत पहिल्या दिवशीच्या मुलीला एक बरोबरची खूण आणि मॉप-अपवाल्या मुलीला दोन, म्हणजे कुणाला दोनदा गेली का हा घोळ होत नाही. गोळी घरी पाठवू नका. ती कुणाच्या पोटात जाते ते आपल्याला कळत नाही. कुणी गोळी लगेच ओकली तर आपल्या मनाने दुसरी देऊ नका, सिस्टरला विचारा. गोळी देण्याआधी स्ट्रिपवरची मुदत बघा आणि पालक आले तर तीच स्ट्रिप त्यांच्या हातात द्या.

गोळीआधी दोन गोष्टी एकांतात विचारायच्या. एक, फिट येते का, कधी आली होती का. पटकृमीची अंडी मेंदूत जाऊन गाठी झाल्या असतील, तर अल्बेंडाझोलने त्या चाळवून झटका येऊ शकतो. अशा मुलीला आधी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासायला हवं. दोन, मोठ्या मुलींची पाळी चुकली आहे का. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत; पुढे मात्र ती गरोदर बाईच्या नेहमीच्या उपचारातच आहे. हा प्रश्न सिस्टरने विचारावा, वर्गात नव्हे.

पालकांना बोलवाल तेव्हा "गोळी सुरक्षित आहे" असं नुसतं म्हणू नका. उलटी का होते ते सांगा, आणि त्या दिवशी दोघी आयांना शाळेत बसायला बोलवा. आईने डोळ्यांनी पाहिलेलं पाड्यावर लवकर पटतं. कुणी भगताकडे नेलं तर भांडू नका. पळसाच्या बिया आणि वावडिंग ही जंतावरची जुनी औषधं आहेत, पण किती बिया म्हणजे किती औषध हे मोजता येत नाही. गोळीच्या जागी ती नकोत, एवढंच सांगा. भगतालाही एक लक्षण नक्की सांगून ठेवा : पोट फुगून कडक झालं, राहून राहून पिळवटतं आहे, हिरवट उलट्या होताहेत आणि शौच-वारा बंद आहे. गोल जंतांचा गोळा आतड्यात अडकला की असं होतं. तिथे गोळी देऊन बघायची नाही, १०८ बोलवून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

आता एचबी. आपल्याकडच्या दोन हुकवर्मपैकी सौम्य जातीचा एक जंत दिवसाला ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, दुसऱ्या जातीचा त्याच्या पाच-सहा पट. सौम्य जातीचे शंभर धरले तरी दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला जवळजवळ कपभर. दहा एचबीच्या मुलीच्या ३ मिलिलिटर रक्तात साधारण १ मिलिग्रॅम लोह असतं, आणि जेवणातून तिच्या अंगी लागतं तेही दिवसाला तेवढंच. वर तिची पाळी. म्हणजे तुम्ही कितीही पालेभाजी वाढा, हिशोब जुळत नाही. आणि जंत गेल्यावरही आटलेला साठा आपोआप भरत नाही. इथेच बहुतेक वसतिगृहं चुकतात. गोळी दिली, काम झालं असं समजून मोकळी होतात.

आठवड्याला मिळणारी गोळी, म्हणजे पाच ते नऊ वर्षांसाठी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी आणि दहाच्या पुढे ६० मिलिग्रॅमची निळी, ही एचबी पडू नये म्हणून असते. पडलेलं उचलायला ती पुरत नाही. बारा वर्षांवरच्या मुलीचं १२ च्या खाली आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलीचं ११.५ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडून रोजचा डोस लिहून घ्या, साधारण तीन महिन्यांचा. ८ च्या खाली असेल तर रुग्णालय. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर देऊ नका; जेवणानंतर लिंबू किंवा आवळ्यासोबत द्या. शौच काळं होतं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गोळ्या खिडकीबाहेर सापडतात. महिन्याने एचबी पुन्हा बघा. एक ग्रॅमही वाढलं नसेल आणि गोळ्या खरोखर पोटात गेल्या असतील, तर जंताला दोष देणं थांबवा आणि सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का ते कार्डावर बघा. तुमच्या भागातल्या जमातींत सिकलसेल आहे, आणि ‘एसएस’ म्हणजे हा आजार असलेल्या मुलीला लोह डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देत नाहीत.

मुलींच्या दप्तरात, उशीखाली एकदा नजर टाका. खडू, कच्चे तांदूळ, भिंतीची खरवडलेली माती सापडली तर ओरडू नका. लोह कमी झालं की असं खावंसं वाटतं, आणि त्या मातीतून गोल जंताची अंडी पुन्हा पोटात जातात. अशा मुलीचं एचबी आधी तपासा.

रात्रीची खाज हे प्रकरण वेगळं. आधी खाज कुठे आहे ते बघा. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला असेल तर ती खरूज. तिचं मलम वेगळं. गुदद्वाराशीच असेल तर सूतकृमी, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे. मादी रात्री बाहेर येऊन तिथे अंडी घालते, त्यामुळे शौच तपासून ती बहुधा सापडत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक सेलोटेपचा तुकडा तिथे दाबून काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबला द्या. सूतकृमी मातीतून येत नाहीत; नखं, चादर, एकमेकींचे कपडे यांतून फिरतात. म्हणून एकीला औषध देऊन काही होत नाही. डॉक्टरांशी बोलून खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा डोस, त्याच सकाळी चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आणि नखं त्याच दिवशी कापायची.

आणि काही परजीवी या एका गोळीने जातच नाहीत. घाण वासाचे, तेलकट, तरंगणारे जुलाब आणि पोट गुबारणं असेल तर जिआर्डिया. शौचात आव-रक्त असेल तर अमिबा किंवा दुसरा आमांश. बुटक्या पटकृमीला प्राझिक्वांटेल लागतं. त्यासाठी तपासणी हवी. नमुना कोरड्या, झाकणाच्या डबीत, लघवी किंवा पाणी न मिसळता, आणि शक्यतो दोन-तीन तासांत प्राथमिक आरोग्य केंद्रावर पोचवा. आदल्या दिवशीचा नमुना पाठवाल तर हुकवर्मची अंडी फुटून अळ्या होतात आणि तपासणारा गोंधळतो. जिआर्डिया रोज दिसत नाही, एक दिवसाआड तीन नमुने द्या.

पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकता, ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन बघायच्या चाचणीला, पिवळा रंग येतो, हे चांगलंच; कॉलरा-गॅस्ट्रोसाठी ते हवंच. पण तेवढ्या क्लोरिनने गोल जंताची अंडी मरत नाहीत आणि जिआर्डियाही सहज मरत नाही. जुलाबांची साथ असेल त्या दिवसांत पाणी खळखळून उकळून द्या. फडक्याने गाळून जिआर्डिया अडत नाही, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. संडासात फिनेल ओतण्याचंही तसंच : वास जातो, अंडी राहतात. खरवडून धुणं आणि ऊन हेच खरं.

तुमच्या हातात एकच काम करण्याइतका निधी असेल तर चपला वाटू नका, संडासाला पाणी द्या. चपला पहिल्या चिखलात तुटतात किंवा पेटीत जपून ठेवल्या जातात. संडास बांधलेले असतात, पण पाणी नसलं की मुली टमरेल घेऊन झुडपात जातात, आणि तिथली एकीची शौच दहा दिवसांत दुसऱ्या दहा जणींच्या पायाला लागते. हिशोब साधा आहे : एका वापराला, हात धुण्यासकट, चार-पाच लिटर. शंभर मुली सकाळच्या तासाभरात जातात, म्हणजे ५०० लिटर त्या वेळी टाकीत हवेच. संडासाबाहेर नळाचा ड्रम, साबण जाळीच्या पिशवीत नळालाच बांधलेला. संडासामागची झुडपं जूनच्या आधी तोडा, वाटेवर मुरूम टाका, पाणी साचू देऊ नका. ऊन पोचलं की अर्धं काम होतं. सेप्टिक टँक उपसलात तर तो गाळ बागेत किंवा भाताच्या खाचरात टाकू नका, त्यात जिवंत अंडी असतात. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवूनच उघडा.

घरच्यांचं म्हणाल, तर कार्यक्रमाची गोळी १९ वर्षांना थांबते, आणि हुकवर्म मोठ्या माणसांत जास्त टिकतो. केनियातल्या क्वाले भागात शाळकरी मुलांनाच गोळी देणं आणि अख्ख्या गावाला देणं यांची तुलना झाली, २०१९ साली ती छापून आली. गावाला दिली तिथे हुकवर्म बराच जास्त घटला. तुमच्याकडे अख्ख्या पाड्याला गोळी वाटण्याची योजना नाही, आणि ती तुम्ही आपल्या साठ्यातून करूही नका. पण मुलीचं एचबी फार कमी निघालं, तर तिच्या आईलाही आरोग्य केंद्रावर तपासायला पाठवा. दोघी एकाच खाचरात आवणी करतात.

राहिली फेब्रुवारी. दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली घरं पावसाच्या तोंडावर परततात, आणि त्यांच्याबरोबर गेलेली लहान भावंडं या डोसातून दरवर्षी सुटतात. अंगणवाडी ताई आणि आशाला सोबत घेऊन, निघण्याआधीच नावं काढा. प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर मुलाचं नाव, वय आणि शेवटच्या गोळीची तारीख. भट्टीजवळच्या अंगणवाडीत ती दाखवली की तिथे गोळी मिळायला हवी. जी मुलं गोळी न घेता तशीच परत येतील त्यांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात सिस्टरकडे द्या, ऑगस्टची वाट बघू नका.